अमावास्येनंतरचा केक

हर्सूल टी-पॉइंटला मोसंबीचे गाडे लागले की मी रिक्षातून उतरते. घर अजून दोन वळणं पुढे असतं, तरी उतरते. गाडेवाल्याला वाटतं, बाई फळ पारखून घेते आहे. मी फळ पारखत नसते. सालीवर हळूच नख मारून मी वास घेत असते. परवा त्याने मला पकडलं. "मॅडम, नख नका मारू, मग दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाही," म्हणाला. मी ओशाळले आणि नख मारलेली सगळी मोसंबी पिशवीत भरून घेतली. आता ओट्यावर अकरा मोसंबी मांडली आहेत. आमच्या घरात मोसंबी आवडीने खाणारं माझ्याशिवाय कोणी नाही.

डिसेंबर आला, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी आधी अमावास्या शोधते. या वर्षी ती अजून लांब आहे. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण आमच्याकडे केकचा दिवस नाताळावर कधी ठरलाच नाही. तो ठरायचा मार्गशीर्षाच्या अमावास्येवर. मार्गशीर्षात गुरुवारी घट बसतो, म्हणून महिनाभर घरात अंडं येत नसे. तो महिना सरला, अमावास्या झाली, की दुसऱ्या दिवशी केक. त्यामुळे आमचा नाताळ एखाद्या वर्षी पंचवीस तारखेच्या आसपास यायचा, एखाद्या वर्षी थेट जानेवारीत संक्रांतीच्या तिळाला खेटून. नाताळशी आमचा खरा संबंध शाळेच्या सुट्टीपुरताच. तरीही केक व्हायचा आणि त्याला सगळे 'नाताळचा केक'च म्हणायचे.

मी वाढले बजाजनगरात. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होते. आमच्या रांगेत सगळीच घरं कामगारांची. कुणी लातूरकडचं, कुणी बीडचं, कुणी पार बिहारचं. सकाळी भोंगा झाला की पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन बसच्या दिशेने चालायला लागायचे, आणि तिसऱ्या पाळीचे, डोळे चोळत, त्यांच्या समोरून घरी यायचे. हिवाळ्यात रस्त्यावर उसाची चिपाडं सांडलेली असत. हवेत मळीचा, वंगणाचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास असायचा. तो वास आला की थंडी आली, असं मी समजायचे. अजूनही मला स्वेटरचा पहिला दिवस त्या वासाशिवाय अपुरा वाटतो.

त्या रांगेत पलीकडच्या टोकाला एक नर्सबाई राहायच्या. आईने आयुष्यातला पहिला केक त्यांच्याकडे बघितला. चॉकलेटचा, संत्र्याची साल किसून घातलेला. आईने तो वहीत उतरवून घेतला. ती वही माझ्याकडे आहे. आईचं अक्षर मोठं आणि जरा तिरकं. 'कोको चार चमचे, दोन संत्र्यांची साल, एका संत्र्याचा रस' असं तिने लिहिलं आहे. पण संत्रं तिने एकदाही वापरलं नाही. आईचं माहेर पैठणकडचं, आणि माहेरी मोसंबीची झाडं. आजोबा दर हिवाळ्यात एक पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. मोसंबी घरात लोळत असताना विकतचं संत्रं आणायचं म्हणजे आईच्या दृष्टीने माहेराचा अपमानच होता.

कोको अण्णा गुलमंडीवरून आणायचे. आठवड्याची सुट्टी, त्यात शहराची फेरी, आणि परत येताना खिशात तो छोटा डबा. आई तो डबा उघडून मला वास घ्यायला द्यायची. चाटायला मात्र नाही. एकदा मी चोरून बोट घातलं आणि तोंड कडू झालं तेव्हा मला मोठाच धक्का बसला. चॉकलेट मुळात कडू असतं, ही गोष्ट मला आठव्या वर्षी कळली. मी गणिताची शिक्षिका आहे. जगातल्या बऱ्याच गोष्टी मला उशिराच कळल्या आहेत, आणि त्यांतली एक तर मागच्या वर्षी कळली. ती सांगायलाच मी बसले आहे.

आई माळकऱ्याची लेक. अंडं तिने जन्मात खाल्लं नाही. केकच्या दिवशी ती अंघोळ करून, देवपूजा उरकून, मग मागच्या मोरीत बसून वेगळ्या पातेल्यात अंडी फोडायची. तोंड दुसरीकडे फिरवलेलं. फेटायचं काम माझं. तिने पीठ चाळायचं, लोणी आणि साखर घोटायची, साल किसायची, सगळं जीव ओतून करायचं, पण झालेला केक जिभेला लावायचा नाही. घरात ओव्हन नव्हता. वाळूज गावात युनूसभाईंची बेकरी होती, तिथे भट्टीवर केक भाजून मिळायचा. दिवाळीला सगळ्या रांगेची नानकटाई तिथेच भाजली जायची. दुपारी पावाचा शेवटचा घाणा निघाला, की भट्टीची आच उतरायची. ती उतरती आच केकसाठी. म्हणून आई साल, रस, साखर सकाळीच कालवून ठेवायची, दुपारी त्यात बाकीचं घालायची, आणि अण्णा तो डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचे. डब्याच्या बुडावर खिळ्याने आमचं आडनाव कोरलेलं होतं.

मी पुढच्या नळीवर बसायचे. येताना मागून वास यायचा. बाभळींच्या मधून रस्ता, उसाचा ट्रॅक्टर समोरून, आणि मानेमागे ऊन केकचा वास. अण्णा दम लागला तरी सायकल थांबवायचे नाहीत. घरी आलो, की आई दारात उभी. अण्णा पहिला तुकडा उभ्याउभ्याच खायचे आणि म्हणायचे, "झकास!" आई विचारायची, "खरंच?" मग ते काही न बोलता दुसरा तुकडा उचलायचे. आईचा भरवसा त्या दुसऱ्या तुकड्यावर होता. त्यानंतर ताटल्या भरायच्या आणि रांगेतल्या प्रत्येक घरी एकेक जायची. आईला सगळे 'केकवाल्या वहिनी' म्हणायचे. हे नाव ऐकलं, की तिच्या चालण्यात जरासा फरक पडायचा. मी बघितलं आहे.

आई गेली. मागच्या वर्षी हा हंगाम आला तेव्हा तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

दिवाळीनंतर मी अण्णांना आमच्याकडे घेऊन आले. मी एकुलती एक. बजाजनगरच्या घरात ते एकटे, एक वेळ भात टाकायचे आणि तोच दोन वेळा पुरवायचे, हे मला बघवेना. ते यायला तयार नव्हते. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, याचं जुन्या माणसांच्या मनात एक माप असतं. ते माप त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओलांडलं, असं त्यांना वाटत होतं. बॅग त्यांनी कपाटावर ठेवलीच नाही. पलंगाखाली ठेवली, हाताला लागेल अशी.

आणि ते जेवत नव्हते. म्हणजे बसायचे, दोन घास खायचे, "भाजी चांगली झालीय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, म्हणाले, काही नाही, वय आहे, मनाचं आहे. मी आपली रोज नवीन काहीतरी करत होते. शेंगदाण्याचं कूट घालून दोडका, तव्यावरचा पातळ ठेचा, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. समोर बसून वाढत होते आणि समोर बसून बघत होते. ते दोन घासच खायचे. मला भीती वाटत होती. आईमागोमाग हेही जाणार, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, भाजीला चांगलं म्हणत म्हणत, अशी सरळ सरळ भीती.

मार्गशीर्षाच्या एका संध्याकाळी ते म्हणाले, "एक तारखेला मला घरी सोड."

"तिथं काय आहे?" मी म्हणाले. "इथं राहा पाडव्यापर्यंत. थंडी तरी जाऊ द्या."

"नाय. लई दिस झाले."

मी हट्टाला पेटले. आवाज चढला. माझी मुलगी सायली सुट्टीसाठी घरी आलेली, तिने खोलीतून डोकं बाहेर काढलं. मला शांत करायचं म्हणून म्हणा, किंवा माझ्या तोंडाला कुलूप लावायचं म्हणून म्हणा, अण्णा म्हणाले, "असं कर. तुझी माय करायची तसा केक करून दाव. अगदी तसाच. झाला तर पाडव्यापरेंत राहतो. नाय झाला तर एक तारखेला मला बजाजनगरला सोडायचं, अन् रडायचं नाय. कबूल?"

"कबूल."

मला मनातून हसू आलं. आईची वही माझ्या कपाटात होती. हातात डझनभर वर्षांचा अनुभव, घरात काचेच्या दाराचा ओव्हन, आणि सायलीकडे ग्रॅमवर मोजणारा काटा. त्या वर्षी अमावास्याही लवकर आली, एक तारखेआधी चांगले दहा दिवस हातात देऊन.

पहिला केक मी वहीबरहुकूम केला. संत्र्याचा. काय फुगला! सायलीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. अण्णांनी एक तुकडा खाल्ला, नीट चावून, आणि म्हणाले, "चांगला हाय. पण ह्यो तिचा नव्हं."

अर्थातच. आई संत्रं कुठे घालायची? दुसरा मोसंबीचा. सायलीने कुठूनशी मागवलेली बारीक किसणी आणली, साल अशी उतरवली की खालचा पांढरा भाग जसाच्या तसा राहिला. रस आयत्या वेळी काढला. चॉकलेटच्या मागून मोसंबीचा सुवास हळूच यायचा. मी स्वतः तीन तुकडे खाल्ले. अण्णा म्हणाले, "ह्यो बी झ्याक झालाय. पण ह्यो बी नव्हं."

"मग कसा होता?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? तुझ्या मायचा होता."

माणसाने असं उत्तर दिलं की शिक्षकाच्या अंगाचा तिळपापड होतो. मी दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि वाळूज गाठलं. म्हटलं, भट्टीत काहीतरी असणार. लाकडाचा धूर, पावाचा वास, काहीतरी.

युनूसभाईंची बेकरी आता ओळखू येत नाही. काचेची कपाटं, आत रंगीत फुलांचे केक. भट्टी बंद करून मुलाने मोठं यंत्र बसवलं आहे. युनूसभाई मात्र गल्ल्याजवळ खुर्चीत होते, लोकरीची टोपी घालून. मला त्यांनी लगेच ओळखलं. "ज्योती बेटी! कित्ते साल हो गए! अण्णा कैसे हैं?" मग आईचं ऐकलं होतं, त्याबद्दल बोलले, दुवा मागितली. चहा आला. मी मुद्द्यावर आले. चाचा, आईच्या केकमध्ये असं काय होतं? तुम्ही वरून काही घालत होता का?

युनूसभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. टोपी सारखी केली. "भाभीजी का केक," ते म्हणाले. "हौ. याद है ना. खूब याद है." आणि कप परत तोंडाला लावला.

"सांगा की मग."

"वो भाभीजी का हाथ था, बेटी. हाथ का क्या बताते." मी हटत नाही असं बघून ते हसायला लागले. "देखो, ये बात अण्णाकू पूछो. मेरेकू नक्को पूछो. मैं जबान दिया हूं." कुणाला, कसली जबान, ते काही बोलेनात. वरून अर्धा किलो नानकटाई बांधून दिली. मी रागारागाने घरी आले.

आता मधले दिवस संपत आले. एकतीस तारीख उजाडली. मी ठरवलं, शेवटचा प्रयत्न, आणि तो सकाळीच उरकायचा. सायली मैत्रिणींकडे गेली होती, तिची बारीक किसणी सापडेना. मी खोबऱ्याची किसणी घेतली आणि मोसंबी घसाघसा किसली. राग होता हातात. पांढरं किती आलं, बघितलं नाही. रस काढला, साखर घातली, कालवलं, आणि ओव्हनचं बटण दाबते तर लाइट गेलेली. आमच्या भागात कसलंसं काम निघालं होतं. अकराला गेलेली लाइट तीनला आली. तोवर ते पातेलं तसंच. तीनला मी त्यात बाकीचं सगळं घातलं, भाजलं, थंड केलं, एक कण तोंडात टाकला आणि थुंकला. कडू. कारल्याच्या बरोबरीचा नाही, पण घशात मागे रेंगाळणारा कडूपणा. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, हे रागाच्या भरात मी विसरलेच होते. मी तो केक ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला, गाईला घालू म्हणून, आणि मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. पैज हरले होते. उद्या सोडून यायचं, आणि रडायचं नाही.

थोड्या वेळाने आत आले तर अण्णा ओट्याशी उभे होते. उभ्याउभ्याच खात होते. एक तुकडा संपला होता, दुसरा हातात होता.

"अण्णा, तो नका खाऊ! कडू झालाय."

"व्हय," ते म्हणाले. "कडूच हाय." आणि खात राहिले. "ह्योच."

"ह्योच काय?"

"तिचा. असाच असायचा. पैल्या वर्षापून."

मी खुर्ची ओढून बसले. "आईचा केक कडू नव्हता," मी म्हणाले. "मी खाल्लाय ना. मला आठवतो."

"तुला काय आठवतं? तुझ्या तुकड्यावर मी पिठीसाखर टाकायचो, पार लग्न होईस्तोवर. जाड. तुझ्या अन् सगळ्या पोरांच्या. नाताळात बर्फ पडतो, असं सांगायचो तुमाला."

बर्फ! ते मी पार विसरले होते. आणि त्या क्षणी सगळं आलं. अण्णांच्या हातातली चहाची गाळणी, तिच्यातून भुरभुरणारी साखर, ओळीने मांडलेल्या ताटल्या, पोरांचा गलका, "माझ्यावर अजून बर्फ, काका, माझ्यावर अजून!" आणि आई कौतुकाने बघते आहे. तिला वाटत होतं, नवऱ्याला पोरांची हौस आहे.

मला आधी राग आला. खरंच आला. "तीस वर्षं?" मी म्हणाले. "युनूसभाईंची भट्टी बंद होईपर्यंत तीस वर्षं तुम्ही तिला खोटं सांगितलंत? साल पांढरी होईस्तोवर किसू नको, रस आयत्या वेळी काढ. एवढंच तर होतं. एक वाक्य, अण्णा! तिने एका दिवसात सुधारला असता."

अण्णांनी हातातला तुकडा संपवला. पाणी प्यायले. सावकाश खाली बसले.

"पैल्या वर्षी सांगणारच होतो," ते म्हणाले. "पण तुला ठावं नाय, तू पोटात होतीस. ती नवीन आली कॉलनीत, तर कुणाशी बोलायची नाय. मी पाळीला गेलो की दार लावून बसायची. दिसभर. मला म्हणायची, मला गावी नेऊन घाला. अन् मग त्या नर्सबाईचं बघून तिनं केक केला. माझ्या हातात तुकडा दिला, अन् मी काय म्हणायच्या आत ताटली घेऊन बाहेर गेली. सोताहून. चार घरं फिरून आली. आली तर तोंड असं फुललेलं. मला म्हणाली, कसा झालाय? आता सांग, म्या काय सांगायचं?"

मी पाण्याचा पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"दुसऱ्या वर्षी सांगावं, तर पैल्या वर्षीचं खोटं उघडं पडलं असतं. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं. मंग ऱ्हायलंच." ते जरा हसले. "युनूस एकदा म्हणाला, भाभीजीको बोलो, छिलका सफेद तक मत घिसो. त्याला म्हणलं, तू बोललास तर तुझ्या बेकरीत पाय ठेवणार नाय. त्यानं शब्द दिला, अन् पाळला."

"आणि शेजारचे?"

"त्यांनी बी खाल्ला. दरसाल. कुणीच बोललं नाय." मग म्हणाले, "दुसरा तुकडा लई जड जायचा, ज्योती. पण तिचं ध्यान त्याच्यावरच असायचं."

आई अंडं खात नव्हती म्हणून तिने कधी चव घेतली नाही, आणि तिने चव घेतली नाही म्हणून पंधरा घरांनी मिळून ती गोष्ट सांभाळली. लातूरचे, बीडचे, बिहारचे. पाळीवरून थकून येणारी माणसं, ज्यांना एकमेकांची भाषाही धड येत नव्हती, ती वर्षातून एकदा कडू केक खाऊन "वहिनी, मस्त!" म्हणायची. ते आठवून मी त्या ओट्यापाशी बसून रडले. पैजेत रडायचं नाही असं ठरलं होतं, पण ते हरल्यावर. मी तर जिंकले होते.

अण्णांनाही ते कळलं होतं. शब्दाचा माणूस. उठले, खोलीत गेले, पलंगाखालची बॅग ओढली, त्यातले कपडे काढून फळीवर रचले आणि रिकामी बॅग स्टुलावर चढून कपाटावर ठेवली. मी दारातून बघत होते. मला केवढा आनंद व्हायला हवा होता! तासभर झालाही. मी खिचडी टाकली, पापड भाजले.

पण भांडी घासताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. जो माणूस तीस वर्षं कडू केकला झकास म्हणू शकतो, तो माझ्या घरात रोज भाजीला चांगली म्हणतो आहे. मी नळ बंद केला. हात पुसले. अण्णांच्या समोर जाऊन बसले.

"अण्णा, मला आईसारखं नका करू. खरं सांगा. इथं तुम्हाला काय खटकतं?"

"काय नाय. चांगलं हाय सगळं."

"अण्णा."

त्यांनी पायांच्या अंगठ्याकडे नजर लावली. मग म्हणाले, "तू बघत बसतीस."

"म्हणजे?"

"जेवताना. मी घास उचलला की तू बघतीस. किती खाल्ला, किती ठेवला. परीक्षेला बसल्यावानी वाटतं. घास गळ्याखाली उतरत नाय." एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवेना. "अन् तिथं ती हाय, ज्योती. भिंतीवर तिनं मारलेला खिळा हाय. तिच्या हातचे डबे हायेत, कुठल्या डब्यात काय ते मला अंधारात बी कळतं. इथं मला चमचा लागला तरी विचारावं लागतं. तू लई करतीस. पण मी इथं पाव्हणा हाय. पाव्हण्याला भूक लागत नाय."

आयुष्यभर मी वर्गात फिरत मुलांच्या वह्यांवर नजर ठेवली. तीच नजर मी बापाच्या ताटावर ठेवली होती, आणि तिला माया म्हणत होते. ती मायाच होती, हेही खरं. पण आईच्या केकसारखी, तिच्यात साल जरा खोलवर किसली गेली होती.

मी स्टूल ओढलं. बॅग मीच खाली काढली. अण्णा म्हणाले, "पैज तू जिंकलीस ना?" मी म्हणाले, "जिंकले. म्हणून तर मी ठरवणार." फळीवरचे सदरे पुन्हा घड्या करून बॅगेत भरले. एक तारखेच्या सकाळी त्यांना बजाजनगरला सोडलं. कुलूप गंजलं होतं, त्यात त्यांनी स्वयंपाकघरातलं तेल सोडलं. मी आत जाऊन केर काढायला लागले, तर म्हणाले, "ते मी करतो. तू जा आता." मी गेले. पुढच्या वळणावर स्कूटी उभी करून पाच मिनिटं उगाच उभी राहिले, आणि मग खरंच गेले.

त्यानंतर मी दर रविवारी जाते. ते स्वतः भाकरी थापायला शिकले आहेत. नकाशे होतात, पण खातात. शेजारच्या रांगेतले दोघे निवृत्त दोस्त संध्याकाळी येऊन बसतात. सदरे आता लोंबत नाहीत. मी विचारत नाही, मोजत नाही. मोजावंसं वाटतं, पण मोजत नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा अमावास्या लांब होती. मधल्या दिवसांत ती येऊन गेली. ती अकरा मोसंबी तोवर मीच खाऊन संपवली, केकसाठी नवी आणावी लागली. साल वरवरची किसली, रस आयत्या वेळी काढला, आणि काल केक घेऊन बजाजनगरला गेले. अण्णांच्या हातात ताटली दिली आणि मुद्दाम बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिले, पाठ करून. समोरच्या तारेवर कुणाचे तरी कामाचे निळे शर्ट वाळत होते. आत चमचा वाजला.

"ज्योती!" आतून हाक आली.

"काय?"

"मधी कच्चा ऱ्हायलाय गं. अन् साखर लई पडलीय."

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून आत गेले नाही. आईच्या वाट्याला हे वाक्य कधी आलं नाही. तिच्या वाट्याला जे आलं ते मोठं होतं की हे, मला ठरवता येत नाही.

"बरं," मी बाहेरूनच म्हणाले. "परत भाजून देते."

"दे," अण्णा म्हणाले. आणि मग, जणू मला नाही, घरातल्या दुसऱ्याच कुणाला समजावत असावेत अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या मायला नसतं सांगितलं म्या."